चाड्याच्या काठावरचा खळगा

लहानपणीचा एक आवाज मला अजून डोळा लागता लागता ऐकू येतो. वेळूच्या नळीतून हरभरा खाली जायचा आवाज. सर्रर्र म्हणावं तर तेवढा सलग नाही, टपटप म्हणावं तर तेवढा तुटक नाही. भात निघालेल्या खाचरात पुढे बैल, बैलांच्या बाजूनं वडील, मागे पाभर, आणि पाभरीच्या मागे आई. मी बांधावर गोधडीच्या तुकड्यावर पडलेला. कार्तिकातलं कोवळं ऊन अंगावर, धरणाकडून आलेलं धुकं अजून पुरतं उठलेलं नाही. ती सगळी मंडळी त्या धुक्यात शिरायची आणि दिसेनाशी व्हायची. पण आवाज यायचा. बारीक बारीक होत जायचा, पलीकडच्या बांधाला वळण घेतलं की पुन्हा मोठा होत यायचा. बैल दिसायच्या आधी मला आईच्या मुठीचा आवाज दिसायचा, असं म्हटलं तर हसाल, पण तसंच व्हायचं. मग कधीतरी मी झोपून जायचो.

पाभर म्हणजे पेरायचं औत, हे हल्ली सांगावं लागतं. मी काम करतो त्या हॉटेलातल्या एका पोरीला ते खाण्याचं काहीतरी वाटलं होतं, म्हणून सांगतो. एक आडवं जाड लाकूड, त्याला दिंड म्हणतात. त्यात खाली रोवलेले दोन फण, ते जमिनीत रेघ ओढतात. प्रत्येक फणामागे एक वेळूची नळी. आणि दोन्ही नळ्यांच्या वरच्या तोंडावर लाकडाची वाटी, बुडाला दोन भोकं असलेली. ते चाडं. पेरणारी बाई ओटीतून मूठ भरते, मूठ चाड्यावर धरते आणि चालता चालता बोटांच्या फटीतून दाणे सोडते. दोन्ही नळ्यांत सारखे जायला पाहिजेत. मूठ सैल पडली की दाट, आवळली की पातळ. पंधरा दिवसांनी शेत उगवून आलं की अख्ख्या गावाला दिसतं कुणाची मूठ कशी आहे ते. माझ्या आईच्या ओळी बघायला बायका मुद्दाम बांधावरनं जायच्या. हे मी आईचा पोरगा म्हणून सांगत नाही, अगदी तिच्याशी ज्यांचं पटत नव्हतं त्यासुद्धा जायच्या.

आमच्या घरात पाभर गोठ्यात असायची, पण चाडं कधीच गोठ्यात ठेवलं नाही. ते घरात, देवळीशेजारच्या खुंटीला. आजीनं ते आईच्या हातात दिलं, आजीला तिच्या सासूनं दिलं होतं. पाभर घराची, चाडं सुनेचं, असा आमच्याकडचा रिवाज. पेरणी झाली की त्यात पाच दाणे ठेवून मगच खुंटीला लावायचं, रिकामं ठेवायचं नाही. पुढे गावात छोटे ट्रॅक्टर आले, वडील गेले, बैल विकले, तेव्हा पाभर माळ्यावर गेली. चाड्याच्या भोकांत चिंध्या कोंबून आईनं त्यात लसूण ठेवायला सुरुवात केली. एवढी वर्षं आम्ही त्यातला लसूण खातोय.

मी लोणावळ्यात एका हॉटेलात मेंटेनन्सला आहे. रोज दुधिवऱ्याच्या खिंडीतून गाडीवर जातो, येतो. नळ गळाला मी, दार अडकलं मी, भिंतीला पोपडा आला मी. माझ्या पिशवीत बाकी काही नसलं तरी लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, डबा असतोच. भिंतीत, लाकडात कुठं खड्डा दिसला की लांबी भरायची, वाळली की पॉलिश पेपरनं घासायची, वरून हात मारायचा, खलास. पाहुण्यांच्या नजरेला कुठं खड्डा पडता कामा नये. बावीस वर्षं हेच केल्यावर माणसाचे डोळे तसे होतात. एखाद्याच्या घरी चहाला गेलो तरी मी आधी भिंतीकडे बघतो. बायको म्हणते, "आवो, माणसांकडं पण बघत जा."

तीन वर्षांमागे आईचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजायची. मग कुंकू लावताना बोट कपाळावर भलतीकडेच जायचं. देहूरोडच्या बहिणीनं डॉक्टरला दाखवलं, कंपवात निघाला, गोळ्या सुरू झाल्या. थोडा फरक पडला, थोडा नाही. मला त्याचं एवढं काही वाटलं नव्हतं, वय झालं की व्हायचंच. पण आईनं ते मनाला लावून घेतलं. तिनं आमच्याबरोबर जेवायला बसणं बंद केलं. आम्ही सगळे खोलीत, आणि ती चुलीपाशी, भिंतीकडे तोंड करून. कितीदा म्हटलं, आये, इकडं ये. ती म्हणायची, "जेवा तुमी. मला हितंच बरं हाय." पाठमोरी आई, तिचा हलणारा कोपर आणि ताटात सांडलेला भात ती डाव्या हातानं गोळा करायची तो आवाज. लग्नाकार्याला जाणं तर सुटलंच. हात कायम पदराखाली. एकदा माझ्या बायकोला म्हणाली, "त्यो हात माजा न्हाई आता. कुनाचा तरी लागून आलाय."

ते ऐकून मला रडू यायला पाहिजे होतं, पण मला आला राग. माझ्या नाकाच्या शेंड्यावर तो असतोच. कुणाचा राग, ते मलाच माहीत नव्हतं.

पाभर खाली निघाली ती हॉटेलामुळे. आमच्या मॅनेजरला रिसेप्शनच्या भिंतीवर गावाकडचं काहीतरी लावायचं होतं. कंदील झाले, बैलगाडीचं चाक झालं, म्हणाला तुमच्याकडे औतबिवत आहे का? मी घरी येऊन माळ्यावर चढलो. दिंड दिसलं, बाभळीचं, धुळीनं पांढरं झालेलं. एक फण मोडलेला, नळ्या उंदरांनी खाल्लेल्या. मी ते ओढून खाली आणलं तेव्हा आई ओट्यावर बसली होती.

"कशापायी काढतोयस ती?"

मी सांगितलं. भिंतीवर लावतील, वर छोटा दिवा सोडतील, झकास दिसेल.

आई कितीतरी वेळ त्या दिंडाकडे बघत राहिली. पदराखाली तिचा हात हलत होता, पदरच हलताना दिसत होता. मग म्हणाली, "भित्तीवर? पाभर का कॅलेंडर हाय व्हय?" आणि थोड्या वेळानं, मला ऐकू जावं म्हणून नव्हे, आपल्याशीच म्हणाली, "येक डाव पेरली असती."

बस, एवढंच. मी पाभरीवरची धूळ झटकत होतो, माझा हात तिथंच थांबला. मॅनेजरला दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं की पाभर वाळवीनं खाल्ली. खोटं बोललो, पण त्याचं मला आजही काही वाटत नाही. माझ्या डोक्यात एकच घुसलं होतं. भात निघालं की खालच्या खाचरात आईनं स्वतःच्या हातानं हरभरा पेरायचा. तो हात तिचाच आहे हे तिला कळलं पाहिजे, आणि मग तिनं भिंतीकडचं तोंड आमच्याकडे फिरवलं पाहिजे.

तिकोना पेठेत एक म्हातारे सुतार आहेत, आमच्याकडची औतं पूर्वी तेच करायचे. आबा म्हणतात त्यांना सगळे. हल्ली खाटा आणि बंगल्यांची दारं करतात, तीही मनात आलं तर. मी टेम्पोत घालून पाभर नेली. आबांनी दिंडाला नखानं टोचून पाहिलं, वास घेतला, कान लावून लाकूड तासायच्या वाकसाच्या दांड्यानं वाजवलंसुद्धा. "जित्ती हाय," म्हणाले. "फण नवा घालाय लागंल. नळ्या नव्या. बाकी म्हातारी खनखनीत हाय." आठ दिवस मी कामावरून सुटल्यावर तिथं जाऊन बसायचो. वाकसानं ते बाभूळ तासायचे आणि तांबूस ढलप्या त्यांच्या पायापाशी पडायच्या. वेळूच्या नळ्यांतल्या गाठी त्यांनी तापवलेल्या सळईनं फोडल्या. जळक्या वेळूचा गोडसर वास, बाहेर तिकोन्याच्या माथ्यावर रेंगाळलेलं ऊन, आणि आबांचं मधेच डुलकी काढणं. मला ते आठ दिवस स्वप्नात काढल्यासारखे आठवतात. मोबाइल वाजला तरी तो दुसऱ्याच कुणाचा वाटायचा.

"चाडं कुटंय?" त्यांनी विचारलं.

"घरी आहे. त्याचं मी करतो."

"त्याला काय बी करू नगंस. चिंध्या काढ, गोडं त्याल पाज, ठिव."

आता इतकं स्वच्छ सांगितल्यावर शहाण्या माणसानं काय करावं? तेल पाजावं आणि ठेवावं. पण मी कुठला ऐकायला! लसूण काढला, चिंध्या उपसल्या, चाडं धुतलं आणि उजेडात धरलं. शिसवीचं लाकूड, काळंभोर, पण काय त्याची दशा. बुडाला चिरा, आणि काठावर एका बाजूला चांगला अंगठाभर खोल खळगा. उंदरानं कुरतडलं असेल, नाहीतर कधी आपटलं असेल, मी मनाशी म्हटलं. आणि माझा हात आपोआप पिशवीत गेला. लांबीत लाकडाचा भुसा आणि काळा रंग मिसळला, खळगा भरला, वाळू दिला, बारीक पेपरनं असा घासला की बोट फिरवलं तर जोड लागू नये. वर पॉलिशचे दोन हात. चाडं आरशासारखं झालं. मी ते बायकोला दाखवलं, शेजाऱ्यांना दाखवलं, फोटो काढून बहिणीला पाठवला. तिनं अंगठा पाठवला. मी खूश.

पुढचा प्रश्न बैलांचा. आमच्या मावळात बैलांना तोटा नाही, पण ते सगळे शर्यतीचे. माझ्या एका वर्गमित्राकडे तशी जोडी आहे. खाली गादी, वर पंखा, खायला अंडी आणि बदाम. मी विचारलं, तासाभरासाठी देशील का, खाचर छोटंच आहे. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याची पोरगीच मोलानं मागितली.

"औताला? माज्या बैलाला?" तो म्हणाला. "आरं, त्यो शर्यतीच्या घाटात धा सेकंदात वर जातो. तुज्या खाचरात जाऊन त्यानं काय चिखल बघायचा? न्हाई बाबा. पायजे तर मी येतो जुपून घ्यायला."

बैल राहिले. बायको म्हणाली, आपण दोघं ओढू, ट्रॅक्टरनं आधी रान भुसभुशीत करून घेऊ म्हणजे झालं. तिनं हे भाजी निवडता निवडता इतकं सहज सांगितलं की मी हो म्हणून गेलो.

पाभर घरी आली त्या दुपारी अंगणात मी ती उभी केली, नळ्या बसवल्या, नळ्यांच्या तोंडावर चाडं बांधलं आणि आईला हाक मारली. तिनं पाभरीला डोळे भरून पाहिलं. दिंडाला हात लावून तो कपाळाला लावला. हात धुऊन आली, ओटीत हरभरा घेतला. मी खाली नळ्यांपाशी ताट धरून बसलो, दाणे कसे पडतात ते बघायला. बायको दारात.

आईनं मूठ भरली आणि चाड्यावर टेकवली. हात घसरला. तिनं पुन्हा टेकवला, तो काठावरनं पुन्हा आत घसरला आणि सगळी मूठ एकदम सुटली. एका नळीतून धबाधबा, दुसरीतून एकही नाही. तिसऱ्यांदा तर हरभरा अंगणभर झाला. आता तिचा हात मघापेक्षा जास्त हलत होता. तो चाड्यावर काहीतरी शोधत होता, असं मला आज वाटतं. त्या दिवशी मला फक्त सांडलेले दाणे दिसत होते.

"आये, जरा दाबून धर की!" मी खेकसलो. "आम्ही एवढं मरमर मरतोय ते कशासाठी?"

असं मी बोललो. स्वतःच्या आईला, तिच्या त्या हातासमोर. बायकोनं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. आईनं ओटीतला हरभरा हळूच सुपात ओतला. "न्हाई रं व्हत माज्याच्यानं," म्हणाली आणि आत गेली. त्या संध्याकाळी ती भिंतीकडे तोंड करूनसुद्धा जेवली नाही.

असे दोन दिवस गेले. मला कामावर चैन पडेना. एका पाहुण्याच्या बाथरूममध्ये मी चांगला नळच दुरुस्त करायला लागलो, तो बिचारा म्हणतो, अहो गळतोय तो हा नाही. शेवटी चाडं पिशवीत घातलं आणि तिकोना पेठ गाठली.

"आबा, आईचा हात थरथरतो हो," मी सांगितलं. "चाड्याला काठाशी काहीतरी करून द्या. हात टेकायला कठडा, खाच, काहीही. तिचा हात ठरत नाही त्याच्यावर."

आबांनी चाडं घेतलं. पॉलिश बघून तोंड वाकडं केलं. मग अंगठा काठावरून फिरवत नेला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा उलट बाजूनं. आणि मग त्यांनी मान वर केली.

"व्हता की कठडा. कुटं गेला?"

मीही चाड्यावर वाकून बघितलं.

"हितं," ते म्हणाले आणि नखानं नेमकी ती जागा दाखवली. "हितं खळगा व्हता. तुजी आजी व्हती तवापासनं मी बघतोय. आमी न्हाई केलेला त्यो. बायका मूठ टेकत्यात ना, तळव्याची ही कड घासून घासून पडतो त्यो. तुज्या आजीच्या सासूपासनं पडत आला असंल. काय केलंस तू त्याचं?"

लांबी भरली म्हणून सांगितलं. तोंडात मारल्यासारखं झालं मला. तीन पिढ्यांच्या बायकांनी हाताची कड घासून जी जागा केली होती, आणि माझ्या आईच्या हाताला या घरात जी एकच जागा नेमकी बसत होती, ती मी एका दुपारी बुजवून वर पॉलिश मारलं होतं. आणि तिलाच म्हणालो होतो, दाबून धर!

आबा हसले नाहीत. त्यांनी एक काचेचा तुकडा शोधून दिला, फुटक्या तावदानाचा. "तासणी लावू नगंस, लाकूड जाईल. काचंनं खरवड. सावकास. लांबी संपली की कळंल तुला."

सुट्टीच्या दिवशी मी मागच्या अंगणात फणसाखाली बसलो. काचेनं खर खर खर. लांबी राखाडी पिठासारखी मांडीवर पडत होती. घाई केली की काच लाकडाला लागायची, मग थांबायचो. एरवी थांबणं माझ्या स्वभावात नाही. उन्हं फणसातून खाली येत होती, हलत होती, कुणाची तरी चाळण वरती चालू असल्यासारखी. मधेच माझा डोळा लागायचा आणि तो आवाज यायचा, नळीतला. जागा व्हायचो तर काच हातातच. दुपार कलता कलता लांबीखालून काळं लाकूड दिसायला लागलं. मऊ, तुळतुळीत, पॉलिशपेक्षा कितीतरी जुनी चकाकी. खळगा एका अंगाला जरा कलता होता, आणि त्याच्या कडेला करंगळीसाठी एक बारीक पन्हळ. पेपरनं घासताना वरची थोडी कड मी घालवली होती, ती काही परत आली नाही. गेली ती गेली.

मी माझी मूठ त्यात टेकवून बघितली. बसेना. कुठंतरी अडत होती, मोठी पडत होती. बायकोला बोलावलं, तिची टेकवली. तिची जवळजवळ बसली. "थोडी जागा हाय अजून बाजूला," ती म्हणाली आणि पटकन हात काढून घेतला, दुसऱ्याच्या पानावर बसल्यासारखा.

आईला काय म्हणायचं हे मी बराच वेळ जुळवत होतो. मला माफी मागता येत नाही, कधी आलीच नाही. चुकलं म्हणायला गेलो की तोंडातून भांडणच निघतं. म्हणून मी काही बोललोच नाही. ती ओट्यावर बसली होती, तिच्या मांडीवर चाडं ठेवलं आणि बाजूला बसलो.

तिनं पदराखालून हात काढला. बोटं काठावरून गेली आणि त्या जागी थांबली. मूठ वळली, टेकली. मी तिच्या हाताकडे बघायचं टाळत समोरच्या रस्त्याकडे बघत होतो, पण बघितलंच शेवटी. हात थरथरत होता, अजून थरथरत होता, आणि मग हळूहळू पाण्यातला भोवरा बसावा तसा बसला. अगदी थांबला नाही. पण बसला. आई तशीच राहिली. मग तिनं नखानं खळग्याच्या कोपऱ्यातून राखाडी लांबीचा एक कण उकरला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"ह्ये घे," म्हणाली. "तुजं राह्यलं हुतं."

हसावं का रडावं ते कळेना मला. दोन्ही झालं.

पेरणी केली ती रविवारी सकाळी. तो दिवस निवडण्यात माझी चूक झाली, ती पुढे सांगतो. धुकं होतं. दिंडावर आईनं हळदकुंकू वाहिलं. वजनाला एक दगड बांधला. पुढे दोरात मी आणि बायको, मागे आई, एक हात रुमण्यावर, म्हणजे पाभरीच्या मुठीवर, आणि दुसरा चाड्यावर. आम्ही ओढायला लागलो. भुसभुशीत रान, तरी फण रुतले की पोटऱ्या भरून यायच्या. शर्यतीचे बैल एकदम आठवले मला, आणि त्यांच्या मालकाच्या नावानं मी दोन शब्द बोललो. बायकोला हसू आलं, दोर सैल पडला.

"नीट ओढा रं," मागून आई.

मला मागे बघता येत नव्हतं. मागे बघितलं की रेघ वाकडी जाते. मूठ टेकली का, हात ठरला का, दाणे पडतायत का नुसते फण माती उकरतायत, मला काही दिसत नव्हतं. समोर पांढरं धुकं आणि माझ्याच श्वासाची वाफ. पाच पावलं गेलो. सहा. बायकोनं डोळ्यांनी विचारलं, मी डोळ्यांनीच म्हटलं, काय माहीत.

आणि मग ते ऐकू आलं. आधी बारीक, माझ्या डोक्यातलंच असेल असं वाटण्याइतकं बारीक. वेळूतून जाणारा हरभरा. सलग नाही, तुटक नाही. डावीकडून आणि उजवीकडून सारखं. माझे पाय चालत होते की मी बांधावर गोधडीवर पडलो होतो, मला सांगता येणार नाही. वडील कुठंतरी बैलांच्या बाजूला होते. धुक्यातून कुणीतरी येत होतं, कुणीतरी जात होतं. मी ओढत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

तिसऱ्या फेरीला धुकं उठलं आणि रस्त्याकडेला दोन गाड्या उभ्या राहिल्या. तिकोन्यावर जाणारी पुण्या-मुंबईची मंडळी. रविवार म्हटल्यावर येणारच की, पण माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बैलांच्या जागी माणसं बघून त्यांना कोण आनंद! मोबाइल बाहेर निघाले. एक जण बांधापर्यंत आला. "काका, जरा हळू ओढा ना. आणि आजींचा हात क्लोज घेऊ का?"

आवाज थांबला. मागे नळ्यांतला आवाज थांबला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता ही हात पदराखाली घेणार, चाडं तिथंच टाकून घरी जाणार, तीन वर्षं तिच्या मनात जे घर करून बसलंय ते पुन्हा बसणार. मी दोर टाकला, त्या माणसाकडे वळलो, तोंड उघडलं.

"तू कशाला थांबलास?" आई मागून म्हणाली. मी वळून बघितलं. ती ओटीतून मूठ भरत होती, म्हणून आवाज थांबला होता. "त्येंला काय बघायचं ते बघू दे. हात हाय माजा, चोरून न्हाई आनला. वढ तू."

मी दोर उचलला.

खाचर संपलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. शेवटच्या दोन ओळींना आईनं माझ्या बायकोला मागे घेतलं, तिची मूठ खळग्यात टेकवली आणि स्वतः पुढे येऊन माझ्याबरोबर दोराला लागली. मी नको नको म्हणेपर्यंत तिनं ओढायला सुरुवातसुद्धा केली होती. मागून आवाज यायला लागला, थबकत, अडखळत, मधेच एकदम भसकन.

"व्हईल," आई म्हणाली. "मला बी चार वर्सं लागली हुती."

चाड्यात पाच दाणे ठेवून आम्ही बांधावर बसलो. बायकोनं भाकरी, पिठलं आणि लसणीची चटणी सोडली. मी आईचं फडकं उचलून तिच्यासाठी जरा पलीकडे, आंब्याच्या बुंध्याकडे तोंड येईल असं मांडायला गेलो. सवयीनंच गेलो. तिनं माझ्या हातातून ते फडकं काढून घेतलं, आमच्या मधोमध अंथरलं, आणि बसली. आमच्याकडे तोंड करून. उजव्या हातानं भाकरी मोडली. हात थरथरत होता, पूर्वीसारखाच. पिठलं तिच्या हनुवटीला लागलं, थोडं लुगड्यावर सांडलं. तिनं ते पुसलं नाही. मी जेवायचं सोडून तिच्याकडे बघत बसलो होतो.

"बघतोस काय?" आई म्हणाली. "जेव की."